बैठक नसलेलं घर

७, हॉर्नबीम वळण,
लार्कफील्ड बागवस्ती, उत्तर लंडन.
९ मार्च १९०९

प्रिय ताईस,
धाकटीचा नमस्कार. वि. वि.

नव्या घरात येऊन पंधरवडा झाला आणि तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून तू फुगून बसली असशील. पण अगं, पहिला आठवडा येणाऱ्याजाणाऱ्याला घराचं दार दाखवण्यातच गेला. आमच्या घराची रस्त्याकडे चक्क पाठ आहे. रस्त्यावरून पाहिलंस तर तुला दिसेल मोरीची इवलीशी खिडकी, कोळशाच्या खोलीचं दार, कोठीची जाळी आणि बाकी सगळा पांढरा खडबडीत गिलावा. बसायची मोठी खोली मागे, बागेकडे तोंड करून. आमचे वास्तुकार मि. लव्हिबंड म्हणतात की ऊन दक्षिणेकडून येतं, रस्त्याकडून येत नाही, मग घराने तोंड कुणाकडे करायचं ते तुम्हीच सांगा. विल्फ्रेडला हे इतकं पटलंय की तो वाटेवरच्या लोकांना थांबवून ऐकवतो. खरं दार बाजूला आहे, एका छोट्या छपरीखाली. पोस्टमन अजूनही पत्रं मोरीच्या खिडकीतून देतो आणि मी ती साबणाच्या हातांनी घेते.

छप्पर मात्र बघण्यासारखं आहे. लाल कौलांचं, उभ्या उताराचं, आणि एका बाजूला इतकं खाली आलेलं की थंडीत टोपी कानांवर ओढून बसलेल्या म्हाताऱ्याची आठवण व्हावी. खिडक्यांना शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या एवढ्या-एवढ्या काचा. दिसतात सुरेख, पण पुसायला बसलं की वास्तुकाराच्या घरी बायको आहे की नाही असा प्रश्न पडतो. दोन घरांच्या मध्ये भिंती नाहीत, गुडघाभर उंचीचं झुडपांचं कुंपण आहे फक्त. त्यामुळे चार घरांच्या बागा मिळून एकच बाग वाटते आणि शेजारच्या मिसेस क्वेफना आमच्या भट्टीत काय शिजतंय ते माझ्याआधी कळतं.

विल्फ्रेड इथे आल्यापासून मोजे न घालता चपला घालतो आणि बुधवारी मांस खात नाही. अक्रोडाची कटलेटं खातो. वस्तीत दारूचं दुकान काढायला बंदी आहे, म्हणून संध्याकाळी मोकळ्या हवेसाठी तो टेकडीपलीकडे फिरायला जातो. टेकडीपलीकडे काय आहे ते मी विचारत नाही.

आता जरा खुर्चीला धरून बस. या घरात बैठकीची खोली नाही. मि. लव्हिबंड यांचं म्हणणं असं की लोक आठवडाभर स्वयंपाकघरात कोंबून राहतात आणि घरातली सगळ्यात चांगली खोली एका कुंडीसाठी कुलपात ठेवतात. म्हणून त्यांनी दोन्ही मिळून एकच मोठी खोली केली. जेवण, शिवण, पाहुणे, विल्फ्रेड, सगळं तिथेच.

रेल्वेसाठी तुझी टॅनर्स रोची अख्खी गल्ली पाडणार हे आता पक्कंच झालं ना? जूनअखेर तुला घर सोडावं लागेल. ताई, आमच्या छपरातून डोकावणारी एक छोटी खिडकी आहे, तिच्यामागची खोली तुझी. भिंती तिरप्या आहेत, मध्यभागीच ताठ उभं राहता येतं, पण तू माझ्याहून बुटकी. ये.

आणि छत्रीवाले मि. टिडमार्श काय म्हणतात? काही बोलले का? आपलं सहज विचारलं.

कळावे. उशिरा लिहिलं म्हणून लोभ कापू नकोस.

तुझी,
डॉर्कस


१४, टॅनर्स रो, डेप्टफर्ड.
१६ मार्च १९०९

चि. सौ. डॉर्कस हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू थट्टा करते आहेस. दुसऱ्यांदा वाटलं विल्फ्रेडने तुलाही अक्रोड खायला घातलेत. मग मी आपल्या बैठकीत जाऊन थोडा वेळ बसले, तेव्हा कुठे बरं वाटलं.

बैठक नाही म्हणजे काय? चर्चचे व्हिकर आले तर त्यांना कुठे बसवतेस, कोळशावर? आईला आपण शेवटी कुठे ठेवलं होतं, आठवतंय ना? बैठकीतच, पडदे ओढून, आणि अख्खी गल्ली रांगेने येऊन तिला बघून गेली. तुमच्या वस्तीत माणसं मरत नाहीत का? की मोकळ्या हवेमुळे ते बंद झालंय? तुझे मि. लव्हिबंड हुशार असतील, पण त्यांना कुणी वळण लावलेलं दिसत नाही. घराने लोकांकडे पाठ करून बसायचं आणि मोरी चव्हाट्यावर मांडायची, याला आपल्याकडे निराळं नाव आहे.

आता तू जे सहज विचारलंस त्याबद्दल. मि. टिडमार्श दर रविवारी येतात म्हणजे येतातच. नऊ वर्षं झाली. उन्हाळा असो, हिवाळा असो, हातात छत्री. छत्र्यांच्या दुकानदाराने छत्रीशिवाय दिसणं धंद्याला बरं नाही, असं ते एकदा म्हणाले होते. नऊ वर्षांत ते स्वतःबद्दल बोलले ते एवढंच. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, मी समोरच्या. मध्ये गोल टेबल, त्यावर नेच्याची कुंडी, काचेच्या घुमटाखालची मेणाची फळं आणि फोटोंचा अल्बम. त्यामुळे मला त्यांचा डावा कान आणि अर्धी मिशी दिसते. मी जेवण झाल्याझाल्या शेकोटी पेटवते आणि खोली तापायच्या बेताला येते तेव्हा ते उठतात. शहाजिऱ्याच्या केकचे दोन तुकडे खातात, हवेबद्दल बोलतात आणि, मिस कॉबोल्ड, दुपार फार छान गेली, असं म्हणून टोपी उचलतात.

तू हसते आहेस. हस. पण तुझ्यापाशी खरं बोलते. मला चाळिसावं लागेल आता. या माणसाने काही विचारावं म्हणून मी नऊ वर्षं वाट पाहिली आणि बाईमाणसाने आपण होऊन विचारायचं नसतं. टॅनर्स रो पडली तर पडो, विटांचं मला काही वाटत नाही. पण बैठक गेली की त्यांनी यायचं कुठे? तुझ्या त्या एका खोलीत, जिथे विल्फ्रेड उघड्या पायांनी अक्रोड फोडतोय, तिथे कोणता सभ्य माणूस कोणत्या बाईला भेटायला येईल? मी तुझ्याकडे आले की माझे रविवार संपले. हे मला लख्ख दिसतंय आणि मला ते सोसायचं नाही.

दुसरी वाट एक आहे. बाथ शहरात मिसेस प्रोदरो म्हणून एका धर्मगुरूंच्या विधवा आहेत, त्यांना सोबतीण हवी आहे. त्यांच्याकडे दोन बैठका आहेत. तिथेही रविवारी कुणी येणार नाही, पण लांब गेल्यावर निदान वाट बघायची सवय तरी सुटेल.

विल्फ्रेडला सांग, पायाला सर्दी झाली तर मोहरीच्या पाण्यात पाय ठेव. कळावे. माया आहे तशीच आहे, घर कसंही असो.

तुझी ताई,
हेस्टर


लार्कफील्ड.
४ एप्रिल १९०९

प्रिय ताईस,
नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग रडले. विल्फ्रेडला वाटलं मी कांदा चिरतेय.

मग डोळे पुसले आणि ठरवलं की ताईसाठी या घरात बैठक करायचीच. दोरी आडवी बांधली, आईचा जांभळा मखमली पडदा पेटीतून काढला आणि मोठ्या खोलीचे दोन तुकडे केले. खिडकीला झालरीचे पडदे लावले. मिसेस क्वेफकडून एक कुंडी उसनी आणली. बैठक अगदी हुबेहूब झाली, म्हणजे दिवसाढवळ्या दिवा लावावा लागेल इतकी. उरलेल्या अर्ध्या भागात आम्ही दोघं आणि जेवणाचं टेबल. विल्फ्रेड पहिल्याच दिवशी रश्शाचं भांडं घेऊन पडद्यात शिरला आणि बाहेर आला तेव्हा भांडं रिकामं होतं.

तरी मी मागे हटले नसते. पण शनिवारी मि. लव्हिबंड आले, सोबत तीन जर्मन पाहुणे, हातात मोजपट्ट्या. आमची वस्ती बघायला असे लोक सारखे येतात. ते त्यांना सांगत आले की आता तुम्ही अशी खोली बघणार आहात जिच्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन मुक्कामाला असतं. एवढं म्हणून दार उघडलं आणि मखमलीत नाक खुपसलं.

रागावले असते तर मी भांडले असते. पण ते रागावले नाहीत, त्यांचा चेहराच पडला. झालर दोन बोटांनी उचलून म्हणाले की या खिडकीसाठी मी महिनाभर झोपलो नव्हतो. मला इतकं वाईट वाटलं की मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या बहिणीकडे एक गृहस्थ नऊ वर्षं बैठकीत येऊन बसतात आणि बैठकीशिवाय ती इथे येऊ शकत नाही. एका जर्मनाने हे वहीत लिहून घेतलं. मि. लव्हिबंड यांनी जरा विचार केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की मग त्या बैठकीतून नऊ वर्षांत निघालं काय?

मी घाईघाईने चौघांना चहा दिला. ते गेल्यावर पडदा काढला. ऊन परत आलं, मिसेस क्वेफही आपली कुंडी न्यायला परत आल्या, आणि तुझी बैठक संपली. मला माफ कर.

आता ऐक. मे महिन्याच्या शेवटी व्हिटसन सणाची सुट्टी आहे आणि आम्हाला विल्फ्रेडच्या आईकडे व्हिटस्टेबलला जायचंय. चार दिवस तू इथे येऊन राहा. घरात कुणी नसेल, कुणाचे पाय दिसणार नाहीत. शेंगांच्या रोपांना पाणी घाल आणि मग ठरव. बाथला जाशील तर मी अडवणार नाही. पण न बघताच गेलीस तर जन्मभर बोलणार नाही.

कळावे. रागावली असशील तरी प्रेम कर, राग नंतर काढ.

तुझी,
डॉर्कस


टॅनर्स रो, डेप्टफर्ड.
२७ एप्रिल १९०९

चि. सौ. डॉर्कस हिस,
आशीर्वाद.

आपल्या घरची गोष्ट आता जर्मनीत वाचली जाणार, याबद्दल तुझी मी आभारी आहे. तुझे वास्तुकार फार खोचक बोलतात. तरी त्यांचा तो प्रश्न मी आठवडाभर घोकत होते.

परवाच्या रविवारी मी मि. टिडमार्श यांना गल्ली पाडणार असल्याचं सांगितलं. नेच्याच्या आडूनच सांगितलं. म्हटलं, जूननंतर मी बहिणीकडे किंवा बाथला जाईन. त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता. मग त्यांनी विचारलं की तुमच्या बहिणीच्या घराचं छप्पर खरंच इतकं खाली उतरतं का, कारण तसं असेल तर दारात छत्री मिटायला कोरडी जागा मिळते. आणि केकचा तिसरा तुकडा घेतला. डॉर्कस, तिसरा. नऊ वर्षांत बदललं ते एवढंच.

ते गेल्यावर मी तो उरलेला केक चिमण्यांना घातला. इतका राग मला आईच्या आजारपणातही आला नव्हता. मिसेस प्रोदरोंना मी लिहिलंय की सुट्टीनंतर पक्कं कळवते. सुट्टीत तुझ्याकडे येईन, रोपांना पाणी घालीन. बाथला गेले आणि तुझं घर पाहिलंच नाही, अशी रुखरुख नको.

त्या दिवशी निघताना मि. टिडमार्श यांनी तुझा पत्ता विचारून घेतला. कशासाठी, ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. बैठकीत असं काही विचारत नसतात.

किल्ली मिसेस क्वेफकडे ठेव. कळावे. माझ्या तिरसट बोलण्यावर जाऊ नकोस, मन तुझ्यापाशीच असतं.

तुझी ताई,
हेस्टर


टिडमार्श, छत्र्या व काठ्या, डेप्टफर्ड.
१४ मे १९०९

रा. रा. विल्फ्रेड स्पर्लिंग यांस,
सा. न. वि. वि.

आपला माझा परिचय आपल्या लग्नात एकदा झाला होता. मी आपणास एक मध्यम आकाराची काळी छत्री भेट दिली होती, ती व्यवस्थित असेल अशी आशा करतो.

मिस कॉबोल्ड सुट्टीत आपल्या घरी राहणार असल्याचे समजले. त्या रविवारी मी तिकडे भेटीस आलो तर आपली काही हरकत नसावी. त्या दिवशी आपण घरी नसणार हेही समजले, म्हणून संमती आधीच मागत आहे.

आणखी एक. आपल्या घराची पुढची बाजू कोणती, याबद्दल मिस कॉबोल्ड यांच्या बोलण्यावरून माझा नीट उलगडा झाला नाही. भलत्याच दारावर उभे राहून आपल्या घराला कमीपणा आणावा असे मला वाटत नाही. तरी कृपया कळवावे. आपल्या सौ.स माझा नमस्कार. तसदीची माफी असावी.

आपला,
अँब्रोज टिडमार्श


लार्कफील्ड.
१७ मे १९०९

मि. टिडमार्श यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र विल्फ्रेडने जेवताना वाचलं आणि उत्तर देण्याचं काम मी त्याच्या हातून काढून घेतलं. छत्री उत्तम आहे. पाऊस असला की विल्फ्रेड तिच्याखाली उघड्या पायांनी उभा राहतो.

हरकत कशाची? जरूर या. रस्त्यावरून जी बाजू दिसते ती पुढची समजू नका. तिथे आम्ही कोळसा ठेवतो आणि भांडी घासतो. डाव्या हाताला वळा, छपरीखाली फळ्यांचं दार आहे, तेच आमचं एकुलतं एक भल्या माणसांचं दार.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. आमच्याकडे बैठकीची खोली नाही. पाहुणा म्हणून बसायला या घरात जागाच नाही, जो येतो तो घरातला होतो. तुम्हाला हे चालणार असेल तर या आणि चालणार नसेल तर ताईला तसं एकदा सांगून तरी टाका. मी लहान तोंडी मोठा घास घेते आहे, पण माझी ताई एकच आहे.

तुम्ही येणार हे मी तिला कळवत नाही. कळवलं तर ती कुठून तरी नेच्याची कुंडी पैदा करील.

कळावे. लोभाची सुरुवात यापुढे करावी.

डॉर्कस स्पर्लिंग


७, हॉर्नबीम वळण, लार्कफील्ड.
सोमवार, ३१ मे १९०९

चि. सौ. डॉर्कस हिस,
ताईचे आशीर्वाद आणि एक धपाटा. कशासाठी, ते पुढे येईल.

आधी सांगून टाकते, तुझी निळ्या काठाची एक बशी फुटली. तिचा दोष माझ्याकडे येत नाही.

पहिले दोन दिवस तुझ्या घराशी माझं जमलं नाही. तिरप्या भिंतीवर डोकं आपटलं. खुर्चीत बसले की समोर ती भली मोठी खिडकी आणि खिडकीपलीकडून मिसेस क्वेफ विचारणार, रुबार्बचे आंबट देठ हवेत का? पण रविवारी सकाळी त्या छपराखालच्या खोलीत जाग आली तर बारक्या काचांमधून ऊन आलं होतं आणि जमिनीवर, पांघरुणावर, माझ्या हातांवर त्याचे चौकोन पडले होते. मी बराच वेळ खुळ्यासारखी बघत पडून राहिले. मि. लव्हिबंड यांना हे सांगू नकोस. डेप्टफर्डला आपल्या घरात ऊन कुठून येतं ते मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.

तरीही चर्चमधून परतताना माझं ठरलं होतं, बाथ. त्या तीन तुकड्यांनी माझं मन अगदी उठलं होतं.

दुपारी जेवून भांडी घासायला घेतली. बाह्या कोपरावर, कमरेला तुझा ठिगळांचा अ‍ॅप्रन, डोक्याला फडकं. आणि मी गात होते. कोणतं गाणं ते तुला माहीत आहे, आईने ज्याच्यावर घरात बंदी घातली होती तेच. तेवढ्यात बाहेर कोळशाच्या खोलीचं दार कुणी तरी ठोठावलं. मला वाटलं वारा असेल. पुन्हा ठोठावलं, अगदी अदबीने. कोळशाला भेटायला कोण आलं म्हणून मी मान वर केली, तर मोरीच्या खिडकीत मि. टिडमार्श. तुझी मोरीची खिडकी केवढी, तिच्यात त्यांचा चेहरा आणि माझा चेहरा, मध्ये एक काच. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची मिशी पूर्ण दिसली.

तू लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं, आता तो धपाटा घे. पण बाजूच्या दाराने खाटीक आणि दूधवाले येतात. रविवारी, चांगला कोट घालून, एका बाईकडे बाजूच्या दाराने जायचं, हे त्यांच्याने होईना. म्हणून रस्त्याकडे तोंड असलेलं जे दार दिसलं तिथे ते उभे राहिले आणि कोळसा काही ओ देईना.

मी गडबडीत मोरीचंच कोपऱ्याआडचं छोटं दार उघडलं. ते आत आले, चौकट खाली असल्यामुळे टोपी मागे पडली, ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही. मी फडकं काढावं की बाह्या खाली कराव्यात या घोटाळ्यात होते. म्हटलं, चला, मोठ्या खोलीत बसा. खोलीत नेलं तर शेकोटीच्या कोनाड्यातले ते तुमचे दोन बाक, समोरासमोर बसलं तर गुडघ्याला गुडघा लागेल असे. आणि खिडकीबाहेर मिसेस क्वेफ, त्यांचे यजमान आणि पलीकडची दोन बिऱ्हाडं तण काढत होती. सगळ्यांची डोकी एकदमच वर आली. मिसेस क्वेफ यांनी रुबार्ब हलवून दाखवला.

मि. टिडमार्श यांनी ती खोली बघितली, बाक बघितले, रुबार्ब बघितला. मग म्हणाले की तुमची हरकत नसेल तर आपण मोरीतच उभे राहू या. परत आलो. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, कोट खुंटीला लावला आणि विचारलं की पुसायचं फडकं कुठे आहे. मी दिलं. दुसरं काय करणार?

दोन बशा पुसून झाल्यावर ते बोलायला लागले. बशीकडे बघूनच बोलत होते. म्हणाले, तुमच्या आईच्या घरी मी बैठकीत बसायचो तेव्हा आतून तुमचा आवाज यायचा. तुम्ही आणि बहीण कशाला तरी खदाखदा हसायचात. एकदा तर हेच गाणं ऐकू आलं होतं. मग दार उघडायचं आणि तबक घेऊन मिस कॉबोल्ड यायच्या, त्या कधी हसलेल्या मी पाहिल्या नाहीत. मला लग्न आतल्या बाईशी करायचं होतं आणि भेटायची दर रविवारी बाहेरची. त्या खोलीत फार थंडी असायची. मला वाटायचं, आज तरी म्हणतील की इथे गारठा आहे, आत स्वयंपाकघरात या. नऊ वर्षांत तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत. मी तेच तुमचं उत्तर समजलो.

बशी इथे फुटली.

डॉर्कस, मी दर रविवारी सकाळी उठून ती खोली झाडायची. मेणाच्या फळांवरची धूळ बोटांनी काढायची. घरातली सगळ्यात चांगली खोली, सगळ्यात चांगले कप, बाह्यांना इस्त्री. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं मी त्या माणसासमोर मांडत होते. आणि तो समजत होता की आपल्याला दारातच थोपवून धरलंय. मला रडू आलं आणि तोंड पुसायला हाताशी काही नव्हतं, कारण फडकं त्यांच्याकडे होतं.

त्यांनी ते पुढे केलं. पार ओलं झालं होतं. मी त्यानेच डोळे पुसले. बाहेर कुठेही खुरप्याचा आवाज नव्हता, चारही बागा ऐकत उभ्या होत्या आणि आपण मोठ्याने बोलतोय याचं दोघांनाही भान नव्हतं.

मग ते म्हणाले, हेस्टर. नुसतं नाव घेतलं, कॉबोल्ड नाही की काही नाही. म्हणाले, हेस्टर, मला आत यायचंय. चहापुरतं नाही, कायमचं.

मी म्हटलं, आलाच आहात की. आता ते दार लावून घ्या, वारा येतोय.

कळावे. लोभ माझ्या एकटीवर होता, आता त्याचे दोन वाटे करावे लागतील.

तुझी ताई,
हेस्टर